मूर्च्छा, नाडी आणि कागदाची पट्टी



पंधरा ऑगस्टची सकाळ. शाळेच्या पटांगणावर झेंडावंदन चालू आहे. पावसाने उघडीप दिली आहे, ऊन चांगलेच तापले आहे आणि मुले अर्धा तास ताठ उभी आहेत. पाहुण्यांचे भाषण काही संपत नाही. इतक्यात मागच्या रांगेतली एक मुलगी पांढरीफटक पडते आणि मटकन खाली बसते, नव्हे, कोसळतेच. पुढे काय होते ते तुम्हां शिक्षकांना मी सांगायला नको. एक जण कांदा फोडून आणतो, दुसरा चप्पल नाकाशी धरतो, तिसरा दातखिळी सोडवण्याच्या नावाखाली तोंडात पाणी ओततो, आणि उरलेले पंधरा-वीस जण भोवती कडे करून येणारा वारा अडवतात. दोन मिनिटांत पोरगी डोळे उघडते, ओशाळते, उठून बसते. 'उपाशीपोटी आली असेल,' असे म्हणून आपण पुन्हा भाषणाकडे कान लावतो.

बहुतेक वेळा हे निदान बरोबर असते. पुष्कळ वेळ उभे राहिल्याने रक्त पायांत साचते, मेंदूला क्षणभर कमी पडते आणि माणूस आडवा होतो. आडवा झाला की रक्त पुन्हा डोक्याकडे वाहते आणि तो शुद्धीवर येतो. म्हणजे पडणे हाच त्यावरचा निसर्गाचा उपाय! परंतु थोड्या जणांच्या बाबतीत गोष्ट निराळी असते. त्यांचे हृदयच काही सेकंद थांबलेले असते, किंवा इतके बेफाम धावलेले असते की त्यातून रक्त पुढे जातच नाही. बाहेरून पाहणाराला दोन्ही मूर्च्छा सारख्याच दिसतात. दोघेही पडतात, दोघेही उठतात, दोघेही 'आता बरं वाटतंय' म्हणतात. पहिला माणूस घरी जाऊन पेज प्यायला की भागले. दुसरा कदाचित पुढच्या खेपेला उठणारच नाही.

यातली खरी अडचण अशी की डॉक्टर येईपर्यंत हृदय आपल्या ठेक्यावर परत आलेले असते. चोर पसार झाल्यावर पंचनामा करावा, तसा हा प्रकार. मी इतिहास शिकवणारा माणूस, वैद्यक माझा विषय नव्हे. परंतु हा पंचनामा सुधारण्यासाठी माणसाने काय काय खटपट केली, तो इतिहास मोठा नामी आहे. त्याची काही पाने तर आपल्याच जिल्ह्यात लिहिली गेली आहेत.

आमच्या पनवेलला वैद्यकीची परंपरा नवी नाही. १८५२ साली येथे नगरपालिका आली आणि त्यानंतर वीस वर्षांनी, १८७२ साली, वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी येथे औषधांचा कारखाना काढला. 'धूतपापेश्वर' हे नाव घरोघर पोचले ते त्यानंतर. मुंबईहून घाटावर जाणारा माल आणि माणूस या गावावरून जात असे. तेव्हा आजारी माणसालाही येथे थांबायला कारण होते. वैद्य आला म्हणजे त्याने प्रथम काय करावे? हात पुढे घेऊन मनगटावर तीन बोटे ठेवावी. हे चित्र आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की नाडीपरीक्षा चरकाच्या काळापासून चालत आली असावी, असेच आपण समजतो. तसे नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या ग्रंथांत नाडी पाहण्याची पद्धत सांगितलेली नाही. ती स्पष्टपणे येते ती पुष्कळ नंतरच्या शार्ङ्गधरसंहितेत. तेथे नाडीच्या चालीला सापाची, बेडकाची, हंसाची उपमा दिली आहे.

परंतु चरकाने एक गोष्ट केली आहे आणि तिचे मला राहून राहून नवल वाटते. त्याने मद, मूर्च्छा आणि संन्यास असे तीन प्रकार वेगळे केले. मद आणि मूर्च्छा दोषांचा वेग ओसरला की आपोआप शमतात. संन्यास मात्र औषधावाचून उतरत नाही, असे तो सांगतो. म्हणजे सारे बेशुद्ध पडणारे एका माळेचे मणी नव्हेत, त्यांतले कोण आपोआप उठणार आणि कोण नाही हे आधी ओळखायला हवे, हा प्रश्न त्याने मांडलेला आहे. आज मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात मूर्च्छेचा रोगी आला की डॉक्टर स्वतःला जवळपास हाच प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर मिळवण्याची साधने मात्र पुष्कळ बदलली.

सापाची चाल, बेडकाची चाल हे वर्णन सुंदर खरे. पण एका वैद्याचा बेडूक दुसऱ्या वैद्याला दाखवता येत नाही. नाडी मोजता आली पाहिजे. १७०७ साली इंग्लंडात जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टराने एक मिनिट चालून थांबणारे खास घड्याळ वापरून नाडीचे ठोके मोजण्याचा परिपाठ लोकांपुढे ठेवला. आज हे अगदीच साधे वाटते. परंतु मोजणी सुरू झाल्यावरच एक विलक्षण गोष्ट डोळ्यांत भरली. काही वारंवार मूर्च्छा येणाऱ्या माणसांची नाडी फारच सावकाश चालत होती. इटलीतल्या मोर्गान्यी या शरीरशास्त्रज्ञाने १७६१ सालच्या आपल्या ग्रंथात असा रोगी वर्णिला. त्यानंतर आयर्लंडातल्या डब्लिन शहरात रॉबर्ट अ‍ॅडम्स याने १८२७ साली आणि विल्यम स्टोक्स याने १८४६ साली असेच रोगी नोंदवले. तोपर्यंत अशा माणसाला मिरगी तरी म्हणत, नाहीतर मेंदूत रक्त चढले असे म्हणून त्याचे रक्त काढीत. दोष डोक्यात नाही, छातीत आहे, हे या मंडळींनी दाखवले. आजही त्या मूर्च्छेला स्टोक्स-अ‍ॅडम्सचा झटका म्हणतात.

आपल्याकडे 'त्याला फिट येते' असे एकदा गावाने ठरवले की ते शेवटपर्यंत चिकटते. अंगात येते, बाहेरचे लागले आहे, हेही म्हणून होते. पोरीचे लग्न मोडते, गड्याला कोणी कामावर ठेवत नाही. त्यांतल्या काहींची गोष्ट डब्लिनच्या त्या रोग्यांचीच असेल, कोणी नाडी पाहिलीच नसेल.

आता विजेकडे वळू. हृदय आकसते तेव्हा त्यात अगदी बारीकशी वीज खेळते. ती अंगावरून, म्हणजे छाती न फाडता, प्रथम नोंदवली ती लंडनच्या ऑगस्टस वॉलर याने १८८७ साली. या गृहस्थाचा जिमी नावाचा एक कुत्रा होता. तो मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून शांत उभा राही आणि वॉलर लोकांना त्याच्या हृदयाची वीज दाखवी. १९०९ साली रॉयल सोसायटीत हा प्रयोग झाला, तेव्हा मुक्या जनावराचा छळ होतो अशी तक्रार थेट पार्लमेंटात गेली! खारट पाण्यात पाय भिजवण्यापलीकडे जिमीला काही सोसावे लागले नव्हते. असो.

वॉलरला वाटत होते की दवाखान्यात या नोंदीचा फारसा उपयोग व्हायचा नाही. उपयोग करून दाखवला तो हॉलंडच्या विल्हेम आइन्थोव्हेन याने. हा जन्माला आला जावा बेटावर, सेमारंग येथे, १८६० साली. त्याने चुंबकाच्या दोन टोकांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला काचेचा अतिबारीक तंतू ताणून बसवला. हृदयाची वीज त्यातून गेली की तंतू हले आणि त्याची सावली फिरत्या फिल्मवर उमटे. १९०१ साली त्याने हे यंत्र जाहीर केले. वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसे! रोग्याचे दोन्ही हात आणि एक पाय खारट पाण्यात. असे धूड इस्पितळात नेणे अशक्य, म्हणून १९०५ साली त्याने दीड किलोमीटरवरच्या इस्पितळातून टेलिफोनच्या तारेवरून रोग्याच्या हृदयाची वीज आपल्या प्रयोगशाळेत आणली. तारेवरून हृदयाचा आलेख पाठवण्याची कल्पना आपण आजची समजतो. ती शंभराहून अधिक वर्षांची आहे. १९२४ साली आइन्थोव्हेनला नोबेल पारितोषिक मिळाले. ईसीजीच्या कागदावरील लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे त्यानेच दिली.

म्हणजे आता पंचनाम्याला कागद मिळाला. डोळ्यांनी दिसणारा, दुसऱ्या डॉक्टराला दाखवता येणारा, जपून ठेवता येणारा. पण या कागदानेच एक नवा घोटाळा केला, आणि त्यात मीही सापडलो. तो प्रसंग सांगतो.

आमच्या महाविद्यालयात एक शिपाई आहेत. आम्ही सारे त्यांना मामा म्हणतो. चहाची किटली घेऊन जिना चढताना ते एकदा पडले. नंतर पुन्हा एकदा ग्रंथालयात. विचारले तर म्हणाले, "काही नाही सर, लाईट गेल्यासारखी वाटते, नि लगेच परत येते." तिसऱ्यांदा पडले तेव्हा मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. ईसीजी काढला. कागद अगदी स्वच्छ! तेथल्या डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात जाऊन पुढची तपासणी करायला सांगितले होते, पण ते वाक्य मी नीट ऐकलेच नाही. परत येताना रिक्षात मी मामांना मोठ्या अधिकाराने सांगितले, "कागद साफ आहे मामा, उगाच मनाला लावून घेऊ नका." दोन आठवड्यांनी ते घंटेखाली पडले आणि कपाळाला चार टाके पडले.

माझी चूक कोठे झाली? साधा हिशेब करा. ईसीजीच्या कागदावर साधारण दहा सेकंदांचे हृदय उमटते. दिवसाचे सेकंद होतात ८६,४००. म्हणजे दिवसाच्या ८,६४० भागांपैकी एक भाग आपण पाहिला आणि उरलेल्या ८,६३९ भागांची हमी देऊन मोकळे झालो. गावात वर्षातून एकदा चोरी होते, म्हणून कोणी पोलीस एका सकाळी चावडीवर येऊन दहा सेकंद उभा राहतो आणि 'येथे चोर नाहीत' असा शेरा मारून जातो, तर त्याला आपण काय म्हणू? दहा सेकंदांच्या त्या कागदाचा उपयोग मोठा आहे, यात शंका नाही. हृदयाच्या भिंती जाड झाल्या आहेत का, विजेची वाट कोठे अडली आहे का, याच्या खुणा त्यात दिसतात. म्हणून मूर्च्छेच्या प्रत्येक रोग्याचा ईसीजी काढायचाच असतो. पण तो स्वच्छ निघाला म्हणजे माणूस सुटला, असे होत नाही.

हा हिशेब अमेरिकेतल्या माँटाना प्रांतातल्या नॉर्मन हॉल्टर या माणसाने ओळखला. तो डॉक्टर नव्हता, पदार्थविज्ञानाचा अभ्यासक होता. त्याचे म्हणणे असे, की माणूस खाटेवर निपचित पडलेला असताना त्याचे हृदय पाहून काय कळणार? तो चालताना, जेवताना, भांडताना, झोपताना पाहिले पाहिजे. १९४० नंतरच्या दशकात त्याने पाठीवर बांधायचे यंत्र केले. त्याचे वजन सुमारे ३८ किलो! भाताचे अर्धे पोते पाठीवर घेऊन हिंडण्यासारखेच ते. ट्रान्झिस्टर आले तसे यंत्र लहान होत गेले आणि १९६१ साली हॉल्टरने आपली पद्धत 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केली. चोवीस तास हृदय नोंदवणाऱ्या यंत्राला जगभर त्याचेच नाव आहे. आपल्या गावचा माणूसही 'डॉक्टरांनी हॉल्टर लावलाय' असे म्हणतो.

नुसते पाहून भागत नाही, थांबलेल्या हृदयाला चालवायलाही हवे. त्याच सुमारास, ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला. त्याला दिवसातून वीस-तीस वेळा मूर्च्छा येत असे. त्याच्या बायकोने एल्मक्विस्ट हा अभियंता आणि सेनिंग हा शल्यविशारद यांचा पिच्छा पुरवला. 'असे यंत्र अजून तयारच नाही' म्हटल्यावर ती म्हणे की मग तयार करा! पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पण पुढे एकामागून एक सव्वीस पेसमेकर वापरून हा माणूस २००१ सालापर्यंत जगला. ज्यांनी त्याचे प्राण वाचवले, त्या दोघांच्याही मागे तो राहिला.

आता मी तुम्हाला परदेशातून परत आपल्या रायगड जिल्ह्यात आणतो. पनवेलहून मुंबई-गोवा रस्त्याने दक्षिणेला निघालात की पेण, माणगाव ओलांडून महाड लागते. त्या तालुक्यात बिरवाडी हे गाव आहे. जिल्ह्याचे नाव अजून कुलाबाच होते, तेव्हाची, १९७६ सालची गोष्ट. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरिबीतून शिकलेले. कोकणात आल्यावर त्यांनी पाहिले की विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि पोरे डोळ्यांदेखत मरतात. हा विंचू तांबडा. विटा-दगडांच्या ढिगात, भाताच्या पेंढ्यात, लाकडांच्या मोळीत लपणारा. कोकणातल्या माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको.

विंचवाने माणूस मरतो म्हणजे नेमका कशाने मरतो? पुस्तकात समाधानकारक उत्तर नव्हते. बिरवाडीत मोठ्या शहरासारखा अतिदक्षता विभाग नव्हता. तेव्हा डॉक्टर रोग्याच्या खाटेजवळ बसून राहिले आणि तासातासाला काय होते ते टिपू लागले. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचा गारवा. त्यातून हळूहळू एक क्रम दिसू लागला. आधी ओकारी, दरदरून घाम, तोंडाला लाळ, हातपाय थंड. मग रक्तदाब चढतो. काही तासांनी हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते, तोंडातून गुलाबी फेस येतो आणि सारे आटोपते. म्हणजे विषाचा घाव पडे तो हृदयावर. विषामुळे शरीरातील मज्जातंतू उत्तेजक द्रव्ये बेसुमार सोडतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त रेटावे लागते. ज्याला आधी ओकारी झाली आणि घाम फुटला त्याच्यावर पुढचे काही तास नजर ठेवा, संकट यायचे आहे, हे त्यातून समजले. बावस्करांचे पहिले टिपण 'लॅन्सेट' या लंडनच्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात १९७८ साली आले. हृदयावरील संकटाच्या या पूर्वखुणांवरचा लेख त्याच नियतकालिकात १९८२ साली आला. एका आडगावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टराची नोंदवही लंडनला पोचली, ही गोष्ट मी वर्गात मुलांना दरवर्षी सांगतो.

पुढचे पाऊल औषधाचे. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यांनी वापरले आणि १९८६ साली त्याचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये मांडला. त्याआधी गंभीर रोग्यांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत. हे औषध वेळेवर मिळू लागल्यावर तो आकडा शेकडा चारच्याही खाली आला. गोळी साधी आणि स्वस्त. पण तिची एक खोड आहे आणि ती आपल्या आजच्या विषयाशी थेट निगडित आहे. पहिली मात्रा दिल्यावर रोगी एकदम उठून बसला किंवा उभा राहिला तर रक्तदाब घसरून त्याला मूर्च्छा येते. म्हणून रोग्याला आडवेच ठेवायचे आणि सुरुवातीला दर अर्ध्या तासाने नाडी व रक्तदाब पाहायचा. यंत्र असो वा नसो, कोणीतरी जागे राहून पाहत असले पाहिजे. पुढे २०११ साली बावस्कर पतिपत्नींनी ७० रोग्यांवर चाचणी करून दाखवले की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरची लस दिली तर रोगी लवकर बरा होतो: जोडीने दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवरच्या ३५ पैकी ८ जण. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

तुम्ही म्हणाल, विंचवाचा आणि घेरीचा काय संबंध? संबंध प्रश्नात आहे. तातडीने आणलेल्या रोग्याच्या हृदयावर किती वेळ नजर ठेवायची, कोणत्या खुणा दिसल्यावर ठेवायची आणि कोणाला निर्धास्तपणे घरी पाठवायचे? बिरवाडीत हा प्रश्न विंचवाबाबत सुटला. मूर्च्छेबाबत तो अलीकडे कॅनडात बऱ्याच अंशी सुटला. तेथे ऑटावा शहरातले डॉ. वेंकटेश थिरुगनसंबंधमूर्ती (नाव आपल्या दक्षिणेकडचे, हे ओळखलेच असेल) आणि त्यांचे सहकारी यांनी हजारो रोग्यांचा माग ठेवला. २०१६ साली त्यांनी मूर्च्छेच्या रोग्याचा धोका मोजण्याची गुणपद्धती दिली. रोग्याला आधीपासून हृदयविकार आहे का, रक्तदाब फार वर किंवा फार खाली आहे का, ईसीजीत काही बिघाड आहे का, अशा गोष्टींना गुण द्यायचे. आपल्या परीक्षेत गुण जास्त तितके चांगले, येथे उलट. २०१९ साली त्यांनी ५,५८१ रोग्यांचा हिशेब मांडला. महिन्याभरात त्यांतल्या २०७ जणांच्या, म्हणजे शेकडा चारांहूनही थोड्या कमी लोकांच्या, हृदयाच्या ठेक्यात गंभीर बिघाड सापडला. कमी धोक्याच्या रोग्याला दोन तास आणि मध्यम किंवा जास्त धोक्याच्या रोग्याला सहा तास यंत्रावर ठेवले तर सापडणाऱ्या बिघाडांपैकी सुमारे निम्मे त्या वेळातच हाती लागतात, असे त्यांना दिसले.

उरलेले निम्मे? ते पुढच्या दिवसांत, घरी गेल्यावर उघड होतात. पण माणसाला पंधरा दिवस खाटेला कसे बांधून ठेवणार? खाट त्याला परवडत नाही आणि इस्पितळालाही परवडत नाही. येथे हॉल्टरच्या ओझ्याचे नवे रूप उपयोगी पडते. आता छातीवर मलमपट्टीसारखी चिकटवायची एक पट्टी मिळते. तारा नाहीत, पाठीवर काही नाही. दोन आठवडे ती हृदय नोंदवत राहते. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात तातडीच्या विभागात आलेल्या, कारण न सापडलेल्या ८६ मूर्च्छारोग्यांना ती लावली. त्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१८ साली आला. तीन महिन्यांत ९ जणांच्या बाबतीत हृदयाच्या ठेक्यातला गंभीर दोष सापडला. आधीच्या काळात पट्टीविना तपासलेल्या अशाच १०० रोग्यांत तो फक्त दोघांत सापडला होता. आकडे लहान आहेत आणि दोन्ही गट एकाच वेळचे नाहीत, हे लक्षात ठेवून ते वाचले पाहिजेत. एडिंबराचा आणखी एक धागा सांगतो. याच शहरात १९६१ साली डेस्मंड ज्युलियन या तरुण डॉक्टराने सुचवले होते की हृदयविकाराच्या रोग्यांना एकत्र ठेवून त्यांच्या हृदयावर यंत्राची अखंड नजर ठेवावी. आज ज्याला आपण सर्रास 'आयसीयू'त टाकले म्हणतो, त्यातल्या हृदयविभागाची ती सुरुवात.

ज्यांना वर्षातून एखाद-दोन वेळाच मूर्च्छा येते, त्यांच्यासाठी दोन आठवडेही अपुरे. अशांसाठी कातडीखाली बसवायचे बारीक नोंदयंत्र १९९० नंतरच्या दशकात कॅनडातच पुढे आले. ते दोन-तीन वर्षे राखण करते. ते महाग आहे आणि मोठ्या इस्पितळातच मिळते, हे खरे.

आपल्याकडेही गोष्टी अगदी जागच्या जागी राहिलेल्या नाहीत. पनवेलच्या खाडीपलीकडे, ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावेल असे ईसीजी यंत्र तयार केले. त्याने काढलेला आलेख मोबाइलवरून दूरच्या डॉक्टराला पाठवता येतो. आइन्थोव्हेनची दीड किलोमीटरची तार आता अशी लांब झाली आहे. २०१४ सालापासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सुरू झाल्या. सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ गाड्यांत हृदयावर नजर ठेवण्याच्या यंत्रासह प्रगत सोय होती. मनगटावरचे घड्याळसुद्धा आता ईसीजी काढते म्हणतात. काढते खरे, पण माणूस बेशुद्ध पडलेला असताना त्याने घड्याळावर बोट ठेवायचे कोणी? तेव्हा त्याच्यावर फार विसंबू नये.

तुमच्यापुढे माणूस पडला तर ही यंत्रे जवळ नसतात. त्या वेळी तुम्ही तरी काय करायचे, ते डॉक्टर मित्रांना विचारून आलो आहे. त्याला सपाट आडवे ठेवा, पाय थोडे उंच करा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, गर्दी हटवा. कांदा, चप्पल नको आणि शुद्ध नसताना तोंडात पाण्याचा थेंबही नको. श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन करायला एकाला पाठवा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने दाबायला सुरुवात करावी. ते शिक्षकांनी एकदा शिकून घ्यावे, तासाभराचे काम आहे. माणूस शुद्धीवर आला तरी काही खुणा असतील तर त्याला त्याच दिवशी इस्पितळात न्यायचेच: धावताना किंवा खेळताना पडला, बसल्या-बसल्या किंवा निजल्या ठिकाणी शुद्ध हरपली, आधी छातीत धडधडले किंवा दुखले, कसलीही पूर्वसूचना न मिळता दाणकन पडला, अथवा घरात कोणी तरुण माणूस एकाएकी गेलेला आहे. पडण्यापूर्वी डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम आला, मळमळले, फार वेळ उभा होता, असे असेल तर बहुधा साधी घेरी. तीही पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांना दाखवावीच.

आमच्या मामांना अखेर मोठ्या इस्पितळात नेले. पहिल्यांदा चोवीस तासांचा हॉल्टर लावला, त्यातही काही सापडले नाही. या खेपेला मात्र मी 'कागद साफ आहे' म्हणालो नाही. डॉक्टरांनी आठवडाभराचे यंत्र लावले. चौथ्या दिवशी पहाटे ओट्यावर चहा घेत बसले असताना त्यांचे हृदय सहा सेकंद थांबले, आणि ते कागदावर आले. पेसमेकर बसला. आता ते जिना चढून चहा आणतात. किटली मात्र दुसऱ्याच्या हाती देतात, ही त्यांच्या सुनेची अट.

त्यानंतर आम्ही शिक्षकांच्या खोलीत एक वही ठेवली आहे. कोणी पडले की तिच्यात लिहायचे: किती वाजता, काय करत असताना, आधी काय वाटले, रंग कसा होता, किती वेळ शुद्ध नव्हती आणि मनगटावर बोटे ठेवून मोजलेली नाडी. रोग्याबरोबर त्या पानाची नक्कल डॉक्टरांकडे जाते, कारण त्या दोन मिनिटांत तेथे हजर असतो तो शिक्षक, डॉक्टर नव्हे. आजवर वहीत चार नोंदी झाल्या. तीन मुली आहेत, तिघीही सकाळी न जेवता आलेल्या आणि रांगेत उभ्या असताना पडलेल्या. चौथी नोंद खो-खोच्या मैदानावरची. मुलगा खांबाकडे धावताना, काहीही न म्हणता, तोंडघशी पडला. अर्ध्या मिनिटात उठून 'सर, मी खेळतो' म्हणाला. त्याला खेळू दिले नाही. वहीचे पान आणि मुलगा त्याच दुपारी इस्पितळात गेले. तपासणी अजून चालू आहे.